अर्ध्या डिग्रीवरून एवढा आटापिटा का? अ‍ॅक्सिलरेटरमधली उष्णता आणि मायक्रॉनचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, विषय अ‍ॅक्सिलरेटरच्या (इलेक्ट्रॉन, प्रोटॉनसारख्या कणांना वेग देणाऱ्या यंत्राच्या) मॅग्नेट सपोर्टचं थर्मल अ‍ॅनालिसिस. गाइड म्हणतायत टनेलचं, म्हणजे यंत्र ज्या बोगद्यात असतं त्याचं, तापमान अर्ध्या डिग्रीच्या आत धरलं पाहिजे, आणि विचारणाऱ्याला वाटतंय की अर्ध्या डिग्रीनं लोखंड असं कितीसं वाढणार, आणि वाढतच असेल तर कूलिंगचं पाणी दुप्पट सोडून विषय संपवत का नाहीत. दोन्ही शंका रास्त आहेत, नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक इंजिनिअर हेच विचारतो. मी मॅग्नेट, गर्डर (मॅग्नेट ज्यावर बसवतात तो लांब सपोर्ट), व्हॅक्यूम चेंबर (कण ज्यातून धावतात ती निर्वात नळी) आणि त्यांच्या पाण्याच्या लाइनी यांच्यातच बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे उत्तर लांबेल, पण मुद्दा आधीच सांगून टाकतो. भाग किती गरम आहे याचा त्रास फारसा नसतो. ते तापमान किती हलतं, आणि भागाच्या वरच्या बाजूला एक आणि खालच्या बाजूला दुसरं असं आहे का, खरी डोकेदुखी तिथं आहे.

आधी आकडे घेऊ. स्टील एक मीटर लांबीला एका डिग्रीमागे साधारण १२ मायक्रॉन वाढतं, तांबं १७, अ‍ॅल्युमिनियम २३. बीम, म्हणजे कणांचा झोत, जमिनीपासून समजा १.३ मीटरवर आहे, म्हणजे खालचा स्टीलचा सपोर्ट अर्ध्या डिग्रीनं ७-८ मायक्रॉन वर उचलला जाणार. ऐकायला काहीच वाटत नाही. पण चांगल्या सिंक्रोट्रॉनमध्ये (इलेक्ट्रॉन रिंगमध्ये फिरवून एक्स-रे मिळवणाऱ्या मशीनमध्ये) इलेक्ट्रॉन बीमची उभी जाडीच १० मायक्रॉनच्या आसपास असते, नव्या मशीनमध्ये त्याहून कमी, आणि बीमनं आपल्या जाडीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त हलू नये असा सगळीकडचा नियम आहे. म्हणजे एक मायक्रॉन. त्यात भर अशी की क्वाड्रुपोल, म्हणजे बीमला एकवटणारा मॅग्नेट, मधल्या रेषेवरून सरकला की तो बीमला किक देतो आणि ती किक पूर्ण रिंगभर ऑर्बिट (बीमची फिरायची वाट) हलवते, सगळे क्वाड्रुपोल वेगवेगळे थोडेथोडे हलले तर ऑर्बिटमधली हालचाल त्यांच्या हालचालीच्या कितीतरी पट होते. तर ७-८ मायक्रॉन ही तिथं मोठी गोष्ट आहे.

आता इथंच बरेच विद्यार्थी एक गोष्ट विसरतात. पूर्ण टनेल एकदम अर्धा डिग्री तापलं, सगळे सपोर्ट एकाच मापाचे आणि एकाच मटेरियलचे असले, तर सगळे मॅग्नेट एकत्रच वर जातात, बीम पण त्यांच्याबरोबर वर जातो, आणि निदान मॅग्नेट एकमेकांच्या रेषेत राहतात. (बीमलाइनचं, म्हणजे एक्स-रे प्रयोगापर्यंत नेणाऱ्या लाइनचं, बूड वेगळ्या हॉलमध्ये असेल तर तिथं भांडण सुरू होतं, पण तो वेगळा विषय.) याउलट गर्डरच्या वरच्या आणि खालच्या प्लेटमध्ये अर्ध्या डिग्रीचा फरक पडला तर गर्डर वाकतो. ३ मीटर लांब, अर्धा मीटर उंच स्टीलचा गर्डर घ्या, प्रसरणांक गुणिले तापमानातला फरक गुणिले लांबीचा वर्ग, भागिले उंचीची आठपट. उत्तर येतं साडेतेरा मायक्रॉन. मधला मॅग्नेट टोकाच्या मॅग्नेटच्या तुलनेत साडेतेरा मायक्रॉन वर, तोसुद्धा फक्त अर्ध्या डिग्रीच्या फरकानं. लांबीचा वर्ग आहे हे लक्षात ठेवा, गर्डर दुप्पट लांब केलात तर वाकणं चौपट.

एका मशीनवर याचा नमुना फार जवळून बघायला मिळाला. रिंगच्या एका भागात उभं ऑर्बिट साधारण तासाभराच्या लयीत वरखाली व्हायचं. पॉवर सप्लायवाल्यांनी करंट तपासला, स्वच्छ. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी बीपीएमचे (बीमची जागा मोजणाऱ्या पिकअपचे) रॅक तपासले, तेही ठीक. टनेलमधला भिंतीवरचा तापमानाचा सेन्सर बिनचूक सरळ रेषा दाखवत होता, म्हणून एसीवर कुणाचा संशयच नव्हता. शेवटी प्रत्येक गर्डरच्या वरच्या प्लेटला, खालच्या प्लेटला आणि मॅग्नेटखालच्या अ‍ॅडजस्टमेंटच्या स्टडना पीटी-१०० (तापमानाचे छोटे सेन्सर) चिकटवले आणि एक दिवस नुसतं रेकॉर्ड केलं. सगळे गर्डर शांत, एकाचेच स्टड ०.३-०.४ डिग्रीनं हेलकावे खाताना दिसले, आणि मान वर करून बघितलं तर एसीच्या डक्टची जाळी बरोब्बर त्याच्या डोक्यावर. एअर हँडलरचा थंड पाण्याचा वॉल्व्ह ऑन-ऑफ चालत होता, त्यामुळे हवा कधी १८ची कधी २३ची, पूर्ण टनेलची सरासरी तीच राहायची पण ह्या गर्डरला मात्र थेट झोत. जाळीखाली पत्रा लावून झोत भिंतीकडे वळवला, वॉल्व्हला ऑन-ऑफऐवजी हळूहळू उघडणारं कंट्रोल दिलं, आणि ते हेलकावे नाहीसे झाले. म्हणून टनेलचं तापमान अर्ध्या डिग्रीत आहे असं कुणी म्हटलं की मी पहिलं विचारतो, सेन्सर कुठं लावलाय.

आता पाणी दुप्पट सोडण्याबद्दल. मॅग्नेटच्या कॉइलमध्ये पोकळ तांब्याच्या कंडक्टरमधून शुद्ध, कमी वाहकतेचं पाणी फिरतं. हिशोब सोपा आहे, १ किलोवॉट उष्णता १० डिग्रीच्या वाढीत काढायची तर मिनिटाला साधारण १.४ लिटर पाणी लागतं. फ्लो दुप्पट केला तर आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यातला फरक ५ डिग्रीवर येईल हे खरं. पण आत येणारं पाणीच जर अर्धा डिग्री वरखाली होत असेल तर फ्लो कितीही वाढवा, तो अर्धा डिग्री तसाच्या तसा मॅग्नेटमध्ये जाणार, उलट जास्त फ्लोमुळे अधिक चोखपणे जाणार. शिवाय वेग २-३ मीटर प्रति सेकंदाच्या वर गेला की तांबं आतून झिजायला लागतं, बेंडपाशी पाणी खळखळतं आणि मॅग्नेट थरथरतो. म्हणजे तासाभराच्या लयीतला ड्रिफ्ट होता तसाच, आणि त्यात सेकंदाला दहा-वीस वेळा होणारी थरथर आणून ठेवली. पैसे टाकायचेच असतील तर पंपावर टाकू नका, मिक्सिंग वॉल्व्ह आणि मोठ्या बफर टाकीवर टाका.

वेळेचाही हिशोब करा, तो प्रोजेक्टमध्ये सहसा कुणी करत नाही. एक टनाचा मॅग्नेट, स्टीलची उष्माधारकता किलोला ४६० ज्यूल, म्हणजे एका डिग्रीला ४६० किलोज्यूल. पृष्ठभाग समजा ३ चौरस मीटर, आणि टनेलच्या संथ हवेला ८ वॉट प्रति चौरस मीटर प्रति डिग्री धरा, तर भागाकार येतो १९ हजार सेकंद, पाच तासांहून जास्त. त्यामुळे शटडाऊननंतर सकाळी मशीन चालू केलं तर मॅग्नेट संध्याकाळपर्यंत किंवा दुसऱ्या दिवशीपर्यंत सेटल होत राहतो. तांब्याची कॅव्हिटी (रेडिओ लहरींनी बीमला ऊर्जा देणारी पोकळी) मिनिटांत सेटल होते, जमिनीचा काँक्रीटचा स्लॅब दिवस किंवा आठवडे घेतो आणि वर ऋतूंप्रमाणे हलतो तो वेगळाच. स्लॅब वाढला की रिंगचा परीघ वाढतो, मग आरएफची, म्हणजे त्या रेडिओ लहरींची, फ्रिक्वेन्सी बदलून बीमला पुन्हा मधल्या रेषेवर आणावं लागतं. इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनचा परीघ १७२.४७ मीटर आणि आरएफ ५०५.८ मेगाहर्ट्झ, तिथं परीघात १ मिमी फरक म्हणजे जवळजवळ ३ किलोहर्ट्झ.

इंडस-२ वर जरा थांबतो कारण आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना बघायला मिळणारं सगळ्यात चांगलं उदाहरण तेच आहे, आणि तिथं उष्णतेचा एक खास पेच आहे. राजा रामण्णा सेंटरचं हे मशीन २.५ जीईव्हीवर (जीईव्ही हे कणांच्या ऊर्जेचं एकक) चालतं, पण बूस्टरमधून, म्हणजे आधीच्या छोट्या रिंगमधून, इलेक्ट्रॉन येतात ५५० एमईव्हीला, म्हणजे ०.५५ जीईव्हीला. आधी बीम भरायचा, मग मॅग्नेटचे करंट चढवत चढवत ऊर्जा २.५ जीईव्हीपर्यंत न्यायची. आता बघा काय होतं. ऊर्जा साधारण साडेचारपट झाली, मॅग्नेटच्या कॉइलमधली उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे, म्हणजे वीसपट. पण सिंक्रोट्रॉन रेडिएशनची, म्हणजे वळताना इलेक्ट्रॉन जो प्रकाश टाकतात त्याची, पॉवर ऊर्जेच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढते, म्हणजे चारशेपटीहून जास्त! २०० मिलिअ‍ॅम्पिअरला पूर्ण रिंगमध्ये ५५० एमईव्हीवर जेमतेम ३०० वॉट पडत असतात, ते थोड्या वेळात १२४ किलोवॉटच्या घरात जातात, आणि हे प्रत्येक वेळी बीम भरल्यावर. नंतर बीम हळूहळू कमी होत जातो, करंट निम्मा झाला की उष्णताही निम्मी, म्हणजे चेंबर तापतो आणि मग तासन्तास थंड होत राहतो, कधीच एका जागी स्थिर नाही. परदेशातल्या बऱ्याच मशीनमध्ये पूर्ण ऊर्जेलाच इंजेक्शन असतं, ते दर काही मिनिटांनी थोडे इलेक्ट्रॉन भरून करंट कायम ठेवतात, टॉप-अप म्हणतात त्याला, स्वित्झर्लंडचं एसएलएस आणि अमेरिकेतलं एपीएस २००१ पासून हे करतायत. लोकांना वाटतं टॉप-अप म्हणजे जास्त एक्स-रे मिळावेत म्हणून. तेही आहेच, पण माझ्यासारख्या माणसाला त्याचं खरं मोल उष्णतेत दिसतं, चेंबरपासून बीमलाइनच्या आरशापर्यंत सगळ्यांवरचा लोड दिवसभर एकसारखा.

हा रेडिएशनचा ताप चेंबरच्या बाहेरच्या बाजूला जास्त पडतो, कारण प्रकाश वळणावर स्पर्शरेषेत बाहेर जातो. एका बाजूनं गरम म्हणजे पुन्हा वाकणं. आणि चेंबरवरच बसवलेले असतात बीपीएम, बीम कुठं आहे ते सांगणारे पिकअप. चेंबर १० मायक्रॉन सरकला की बीपीएम सांगतो बीम १० मायक्रॉन उलट बाजूला गेला. बीम बिचारा होता तिथंच आहे! पण ऑर्बिट फीडबॅकला हे कळायला मार्ग नाही, तो इमानदारीनं बीमला १० मायक्रॉन ढकलून बीपीएमला शून्य दाखवायला लावतो, स्क्रीनवर सगळं हिरवं, आणि बीमलाइनवरचा माणूस ओरडतो की माझा स्पॉट हलला. म्हणून फीडबॅक आहे ना, मग तापमानाचं कशाला बघायचं, हा युक्तिवाद मला मान्य नाही. फीडबॅक जितका चांगला तितका तो बीपीएमच्या जागेचा गुलाम. जपानच्या केईकेबी या मशीनमध्ये बीपीएम शेजारच्या सेक्स्टुपोल मॅग्नेटच्या तुलनेत किती हलतो ते मोजायला वेगळे सेन्सर लावले होते आणि ती हालचाल हिशोबातून वजा करायचे. नव्या मशीनमध्ये महत्त्वाचे बीपीएम इन्व्हारच्या (अगदी कमी प्रसरणाच्या लोखंड-निकेल मिश्रधातूच्या) किंवा कार्बन फायबरच्या स्वतंत्र खांबावर उभे करतात आणि दोन्ही बाजूंना बेलोज (घड्यांची लवचीक नळी) देतात, म्हणजे चेंबर काय करायचं ते करू दे, बीपीएम जागचा हलणार नाही. इन्व्हारचं प्रसरण स्टीलच्या दहाव्या हिश्श्याइतकं आहे, पण तो चुंबकीय असतो, मॅग्नेटच्या अगदी तोंडाशी लावू नका.

आरएफ कॅव्हिटीची गोष्ट वेगळी आहे, तिथं जागा हलण्यापेक्षा आकार बदलण्याचा प्रश्न. कॅव्हिटी एका डिग्रीनं तापली की सगळी मापं त्याच प्रमाणात वाढतात आणि फ्रिक्वेन्सी तितक्याच प्रमाणात खाली येते. अमेरिकेतल्या स्लॅकच्या मूळ ३ किलोमीटरच्या तांब्याच्या लिनॅकमध्ये (सरळ रेषेतल्या मशीनमध्ये) फ्रिक्वेन्सी २८५६ मेगाहर्ट्झ, म्हणजे एका डिग्रीला ४८ किलोहर्ट्झच्या आसपास. साधारण ३ मीटरचा एक सेक्शन भरायला लहरीला ०.८३ मायक्रोसेकंद लागतात, तेवढ्यात या फरकानं फेज, म्हणजे लहरीची बीमशी जुळणी, १४ अंशांनी सरकते. म्हणून तिथं पाणी ४५ डिग्री सेल्सिअसला धरतात, आणि हे ऐकून नवीन माणूस हमखास चमकतो की थंड करायचं पाणी एवढं गरम कसं. गरम असण्यानं काही बिघडत नाही, उलट सेटपॉइंट बाहेरच्या हवेच्या वर असला की उष्णता नेहमी एकाच दिशेनं बाहेर काढायची असते आणि कंट्रोल सोपं जातं. कॅन्सर हॉस्पिटलमधल्या रेडिओथेरपीच्या लिनॅकही याच ३ गिगाहर्ट्झच्या कुळातल्या आहेत, चिलर बिघडला की ट्रीटमेंट का थांबते याचं बरंचसं उत्तर इथंच आहे.

काही ठिकाणी तर तापमानाचाच ट्यूनर करतात. ट्रॉम्बेला बीएआरसीच्या लेहिपा या प्रोटॉन लिनॅकमध्ये ३५२ मेगाहर्ट्झचा आरएफक्यू (बीमला एकवटून सुरुवातीचा वेग देणारी कॅव्हिटी) आहे, त्या जातीच्या मशीनमध्ये आत चार पाती आणि बाहेर भिंत असते. पाती तापल्या की त्यांची टोकं जवळ येतात आणि फ्रिक्वेन्सी उतरते, भिंत तापली की टोकं लांब जातात आणि फ्रिक्वेन्सी चढते. म्हणून पाती आणि भिंत यांना पाण्याच्या दोन वेगळ्या लाइनी देऊन त्यांच्या तापमानातला फरक बदलून ट्यूनिंग करता येतं. मला हे डिझाइन फार आवडतं, ज्या गोष्टीनं बिघडतं तिचाच स्क्रू केलाय.

ताण म्हणजे स्ट्रेसबद्दल थोडक्यात, कारण तो तुमच्या पुस्तकात आहेच. भागाला वाढू दिलं नाही तर तो आतून दाबला जातो, जाड काचेच्या ग्लासात उकळता चहा ओतल्यावर तो तडकतो तेच. तांब्याला दोन दिशांनी आवळलं तर एका डिग्रीमागे साधारण ३ मेगापास्कल. आता गोम अशी की कॅव्हिटी ब्रेझिंगच्या (तांब्याचे भाग वितळत्या धातूनं जोडण्याच्या) भट्टीतून आठशे-साडेआठशे डिग्रीतून निघालेली असते, तांबं पूर्ण मऊ झालेलं, यिल्ड कशीबशी ५०-६० मेगापास्कल. म्हणजे आवळलेल्या जागी २० डिग्रीचा फरक पडला तरी तांबं कायमचं दबायला लागतं. पुस्तकातल्या टेबलमधून कडक तांब्याचा आकडा उचलून सेफ्टी फॅक्टर काढू नका, ही चूक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये दरवर्षी दिसते. रेडिएशन अंगावर घेणाऱ्या अ‍ॅब्सॉर्बरला म्हणूनच ग्लिडकॉप (तापूनही कडक राहणारं खास तांबं) नाहीतर तांबं-क्रोमियम-झिर्कोनियम वापरतात.

आणि थंडीकडची बाजू. लोक उष्णता म्हटलं की तापणंच धरतात, पण सगळ्यात मोठ्या हालचाली थंड करताना होतात. जिनिव्हाच्या एलएचसी या प्रोटॉनच्या प्रचंड रिंगचे मॅग्नेट १.९ केल्विनला, म्हणजे उणे २७१ डिग्री सेल्सिअसला, चालतात, खोलीच्या तापमानावरून तिथं जाताना मीटरला जवळपास ३ मिमी आकुंचन होतं. १५ मीटरचा एक डायपोल (बीमला वळवणारा मॅग्नेट) ४५ मिमीनं आखडतो, असे १२३२ डायपोल, आणि २६.७ किलोमीटरची रिंग धरली तर सगळं मिळून ८० मीटरच्या आसपास. हे सगळं दोन मॅग्नेटच्या मधल्या बेलोजमध्ये सामावतं. बेलोजच्या आत बीमच्या बाजूनं तांबं-बेरिलियमच्या पातळ बोटांचा सरकता कॉन्टॅक्ट असतो. २००७ मध्ये एक सेक्टर थंड करून परत गरम केला तेव्हा मॅग्नेट लांबले आणि काही ठिकाणी ही बोटं सरकायच्या ऐवजी दुमडून बीमच्या वाटेत आली. किलोमीटरभर लांब बंद नळीत ती शोधायची कशी? तर ३४ मिमी व्यासाचा एक प्लास्टिकचा चेंडू केला, आत ४० मेगाहर्ट्झचा छोटा ट्रान्समीटर, हवेच्या झोतानं तो नळीतून सोडला आणि वाटेतल्या बीपीएमवर त्याचा सिग्नल ऐकत गेले, चेंडू अडला तिथं बोटं वाकलेली. फार सुंदर इंजिनिअरिंग आहे ते. पुढच्याच वर्षी, १९ सप्टेंबर २००८ ला, दोन मॅग्नेटमधला एक जोड, ज्याचा विद्युतरोध नॅनोओहममध्येसुद्धा नगण्य असायला हवा होता, तो २०० नॅनोओहमच्या घरात निघाला. ८.७ किलोअ‍ॅम्पिअरला त्यात पंधरा-सोळा वॉट, जुन्या फिलामेंटच्या एका बल्बहून कमी, पण १.९ केल्विनला तेवढं पुरलं. जोड वितळला, आर्क झाला, हेलियम उसळलं आणि त्याच्या दाबानं टनांनी वजनाचे मॅग्नेट सपोर्टवरून सरकले. एक अभिमानाची गोष्ट सांगायची राहिली, त्या ३५ टनी डायपोलखालचे अलाइनमेंटचे जॅक, ७००० च्या आसपास, इंदूरच्या पुढाकारानं भारतात बनून गेलेत.

सुपरकंडक्टिंग कॅव्हिटीच्या मॉड्यूलमधली एक युक्ती तुमच्या प्रोजेक्टला थेट उपयोगी पडेल. नायोबियमच्या कॅव्हिटीला हेलियमचं भांडं टायटॅनियमचं करतात, कारण खोलीपासून २ केल्विनपर्यंत नायोबियम ०.१४ टक्के आखडतं आणि टायटॅनियम ०.१५, जवळजवळ जोडीनं. स्टेनलेस ०.३ टक्के आखडतं, ते कॅव्हिटीला चिरडायला बघेल. आणि टेस्ला (जर्मनीतला लिनॅकचा प्रकल्प) पद्धतीच्या मॉड्यूलमध्ये कॅव्हिट्या वरच्या स्टेनलेसच्या जाड पाइपला टांगलेल्या असतात, पण लांबीच्या दिशेनं त्याला घट्ट बांधत नाहीत, तिथं सरकते बूट असतात. लांबीच्या दिशेनं पकड असते ती एका लांब इन्व्हारच्या रॉडला. पाइप आखडत जातो, कॅव्हिट्या जवळपास जागच्या जागी राहतात.

तर तुमच्या मॉडेलमध्ये मेश (हिशोबासाठीची जाळी) बारीक करण्याआधी हे ठरवा की कुठला बिंदू घट्ट धरलाय आणि बाकीचे कुठल्या दिशेला मोकळे आहेत, खालचे सगळे बोल्ट सॉफ्टवेअरमध्ये फिक्स टाकलेत तर येणारं उत्तर खोटं असेल. संथ हवेला ५ ते १० वॉट प्रति चौरस मीटर प्रति डिग्री घ्या, पाण्याच्या नळीत तोच आकडा हजारांत जातो. बोल्ट केलेल्या सांध्यातून उष्णता पूर्ण जाते असं धरू नका. आधी स्थिर अवस्थेचं उत्तर काढा, मग हवेचं तापमान अर्ध्या डिग्रीनं तासाभराच्या लयीत हलवून पुन्हा चालवा, आणि रिपोर्टमध्ये कमाल विस्थापनाऐवजी मॅग्नेटच्या केंद्राचं शेजारच्या मॅग्नेटच्या तुलनेतलं विस्थापन द्या. गाइडना हवं ते अर्ध्या डिग्रीचं उत्तर त्याच आलेखात निघेल, आणि कदाचित असंही दिसेल की संथ बदलाला अख्खी डिग्री चालते पण तासाभराच्या लयीला ०.२ सुद्धा जास्त आहे.